पोटाचं सगळं एकाच भुलीत उरकावं का?

सिन्नरच्या एका शिक्षिकेने विचारलंय, ते थोडक्यात असं. वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, दोन सिझेरियन झालेली. बेंबीत दोन सेंटिमीटरचा हर्निया आहे. गर्भपिशवीत गाठी आहेत, पाळीत फार रक्त जातं म्हणून गोळ्या चालू आहेत, हिमोग्लोबिन ९.४. डाव्या पायात नसा फुगलेल्या. पोट सुटून खाली लोंबतंय, त्याचा वीट आलाय. नाशिकच्या एका रुग्णालयात सांगितलं की पिशवी काढू, हर्नियाला जाळी लावू, टमी टक (सुटलेली कातडी-चरबी कापून पोट घट्ट शिवणं) करू आणि कमरेची चरबी लायपोने (नळीने ओढून) काढू, सगळं एकाच भुलीत, साडेपाच-सहा तासांत. यजमान म्हणतात एकदाच उरकून घे, मे महिन्याची सुट्टी आहेच. त्यांना विचारायचंय, हे सुरक्षित आहे का? आणि वेगवेगळं केलं तर दोनदा भूल घ्यावी लागेल, ते जास्त धोक्याचं नाही का?

ताई, आधी मी कोण ते सांगते. मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ आहे. तेवीस वर्षं नाशिकमध्ये हेच काम करतेय. सकाळी गंगापूर रोडला सिझेरियन, दुपारी पंचवटीत पित्ताशय, संध्याकाळी नाशिकरोडला खुब्याचं हाड, असा माझा दिवस असतो. टमी टक करणाऱ्या बऱ्याच सर्जनांबरोबर काम झालंय. ते टेबलाच्या मध्यावर उभे असतात आणि पोटाकडे बघतात. मी डोक्याकडच्या बाजूला असते आणि मॉनिटरकडे बघते. तेव्हा माझं उत्तर त्या बाजूने येणार. तुम्हाला मी तपासलेलं नाही, रिपोर्ट पाहिलेले नाहीत. हे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवायला लिहितेय.

दोनदा भूल घेण्याची भीती आधी बाजूला काढू, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. आपल्याकडे समजूत अशी की भूल हे एक प्रकारचं विष आहे आणि ते जितक्या कमी वेळा अंगात जाईल तितकं बरं. 'आमच्या आत्याला दोनदा भूल दिली, तेव्हापासून तिची कंबर गेली', हे मी किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही. वस्तुस्थिती अशी की आजची भुलीची औषधं काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जातात. ती साठून राहत नाहीत. धडधाकट माणसाने तीन-चार महिन्यांच्या अंतराने दोन-दोन तासांच्या दोन भुली घेतल्या तर पहिलीची शिल्लक दुसरीत येत नाही. एका बैठकीत सलग सहा तास मात्र वेगळं प्रकरण आहे. चौथ्या तासाला शरीर जिथे असतं तिथे ते पहिल्या तासाला नसतं. म्हणून किती वेळा भूल घ्यायची यापेक्षा एका वेळी शरीरावर किती ओझं टाकायचं आणि कोणतं ओझं कशावर टाकायचं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एकत्र करण्याचे फायदे खोटे नाहीत. ऑपरेशन थिएटरचं (ओटीचं) भाडं एकदा, खोली एकदा, रजा एकदा, सासूबाईंना घर सांभाळायची विनंती एकदा. काही जोड्या तर एकत्रच कराव्यात अशा आहेत, त्यावर पुढे येते. पण 'पोट उघडलंच आहे तर' हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. टमी टकमध्ये पोट उघडलेलं नसतं. कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून सोडवलेला असतो, स्नायूंच्या आतला कप्पा बंदच असतो. पिशवी त्या कप्प्यात असते. एकाच शहरातली दोन घरं म्हणा. एकाचं कुलूप काढलं म्हणून दुसऱ्याचं उघडत नाही.

आता तासांचं बघू. भूल दिल्यावर पहिल्या तासातच शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरतं. कापड बाजूला केलेलं, पोटाचा मोठा भाग उघडा, त्यावर गार द्रव, एसी चालू. आम्ही गरम हवेचं ब्लँकेट घालतो, सलाइन कोमट करून देतो, पण टमी टकमध्ये झाकायला अंग उरतं किती? बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या रुग्णालयात (नाव नको) तीन शस्त्रक्रिया जोडलेली एक केस माझ्याकडे होती. यादी ठरवताना चार तास म्हटलं होतं, झाले सात. शेवटचे टाके पडत होते तेव्हा रुग्णाचं तापमान ३४.८ अंश सेल्सियस होतं. थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही, जखमेत बारीक बारीक पाझर सुरू राहतो, आणि जंतुसंसर्गाची शक्यताही वाढते. त्या बाईंना लगेच उठवणं मला योग्य वाटलं नाही. रात्रभर यंत्रावर ठेवलं, दोन बाटल्या रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी त्या उठल्या आणि आठवड्याने घरी गेल्या. वाईट काही घडलं नाही. तरी त्या रात्रीनंतर माझ्यापुरती मी एक रेघ ओढली. सौंदर्यासाठीची जोड शस्त्रक्रिया कागदावर पाच तासांच्या वर जात असेल तर मी ती यादी घेत नाही, कारण कागदावरचे पाच प्रत्यक्षात सहा होतात. तुमच्या डॉक्टरांनी साडेपाच-सहा सांगितलेत. माझ्या हिशेबाने ते सात आहेत.

दुसरी गोष्ट दाबाची. टमी टकमध्ये नुसती कातडी कापत नाहीत. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात, त्यांच्यावरचं आवरण सर्जन मधोमध ओढून शिवतात. सैल झालेली नऊवारी पुन्हा घट्ट खोचावी तसं. आकार त्यामुळेच येतो. पण पोटातले अवयव तेवढेच, जागा मात्र कमी, म्हणून पोटातला दाब वाढतो आणि छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जातो. ते टाके आवळले जात असताना माझ्या व्हेंटिलेटरवर हवेचा दाब चढताना दिसतो. १८ असतो तो २५ वर येतो. तीसच्या दिशेने निघाला की मी म्हणते, 'सर, जरा सैल ठेवा.' चांगले सर्जन हे ऐकतात, बरेचसे स्वतःहूनच विचारतात. जाड व्यक्ती, दमा, घोरणं, जुना खोकला असेल तर ही शिवण श्वासाला जड जाते. वर खोकला किंवा उलटीचा प्रत्येक झटका टाक्यांवर येतो, तो वेगळाच.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती पायातल्या रक्ताच्या गुठळीची. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. सौंदर्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये टमी टक या बाबतीत वरच्या क्रमांकावर आहे, आणि त्याचं कारण पुन्हा तो दाबच. पोट आवळलं की पायातून वर येणाऱ्या रक्ताची वाट अडते. त्यात पुढचे काही दिवस कमरेत वाकून चालायचं, पोटाला घट्ट पट्टा, दुखतंय म्हणून पलंग सुटत नाही. पिशवी काढताना ओटीपोटातल्या मोठ्या शिरांच्या शेजारी काम होतं, म्हणजे तिथेही त्याच वाटेवर हात पडतो. दोन्ही एकत्र केलं की एकाच रस्त्यावर दोन ठिकाणी खोदकाम.

गुठळीचा धोका मोजायला कॅप्रिनी नावाचा गुणांचा तक्ता वापरतात. तुमच्या माहितीवर मी तो भरून बघितला. वय ४१ ते ६० मध्ये, १ गुण. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साधारण ३०.४ येतो, २५ च्या वर म्हणून १. पाऊण तासापेक्षा मोठी शस्त्रक्रिया, २. पायातल्या फुगलेल्या नसा, १. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्यांना १ असतो. रक्तस्राव थांबवायच्या आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही मी त्यातच धरते. (सणावाराला, पूजेला बसायचंय म्हणून दुकानातून आणून घेतलेल्या गोळ्या बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत. सांगत जा.) बेरीज ६. पाच किंवा त्याहून जास्त म्हणजे वरचा गट. घरात कुणाला, आईला, भावाला, अशी गुठळी झाली होती का हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली असेल तर आणखी ३ मिळवा. आणि एक गंमत लक्षात घ्या, गंमत म्हणजे खेदाची: या तक्त्याच्या जुन्या, जास्त वापरात असलेल्या आवृत्तीत पाऊण तासाच्या वरच्या सगळ्या मोठ्या शस्त्रक्रियांना सारखेच गुण आहेत. म्हणजे तुमचे सहा गुण दीड तासाच्या ऑपरेशनलाही सहाच आणि सात तासांच्यालाही सहाच. वरचे तास तक्ता मोजत नाही, ते आपण मोजायचे.

यावर उपाय आहेत. ओटीत पायांना हवेचे पंप लावतात, त्याच संध्याकाळी धरून का होईना चालवतात, रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन गटातलं इंजेक्शन काही दिवस देतात. पण ते इंजेक्शन द्यायचं म्हणजे ताज्या जखमेतून रक्त झिरपायची शक्यता थोडी वाढवायची. टमी टकची जखम आतून ताटाएवढी असते. पिशवीच्या जागेचे टाके, जाळी आणि ही जखम अशा तीन जागा एकदम ताज्या असतील तर इंजेक्शन कधी सुरू करायचं यावर तिन्ही सर्जन आणि मी यांच्यात वाद होणार हे ठरलेलं. एकच जखम असेल तर तो निर्णय सोपा असतो.

आकड्यांचं म्हणाल तर अमेरिकेतला २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, २५ हजारांहून जास्त टमी टकचा. महिन्याभरात पुन्हा इस्पितळात यावं लागेल किंवा पुन्हा ऑपरेशन करावं लागेल अशा मोठ्या गुंतागुंतीच त्यात मोजल्या होत्या. नुसत्या टमी टकमध्ये त्या ३.१ टक्के होत्या. लायपो जोडली की ३.८. स्तनांची शस्त्रक्रिया जोडली की ४.३. मांड्या, दंड, पाठ असं शरीराच्या आकाराचं दुसरं काम जोडलं की ६.८, आणि त्यावर लायपोही केली तर १०.४. पहिल्या दोन आकड्यांत फार फरक नाही, शेवटच्यात तिपटीपेक्षा जास्त आहे. एकाला दुसरं जोडणं आणि दुसऱ्याला तिसरं जोडणं यांची किंमत सारखी नसते, हे मला त्यातून घ्यायचंय. पण या आकड्यांत पिशवी काढण्याच्या जोड्या नाहीत, आणि ते रुग्ण तुमच्यापेक्षा वेगळे. हिमोग्लोबिन ९.४ असताना सौंदर्याची शस्त्रक्रिया कुणी सुरू करत असेल तर आकडे सोडा, आधी तिथून उठा.

त्याच्यावर जरा थांबते. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ९.४ म्हणजे चांगलंच कमी. जीव वाचवायच्या ऑपरेशनला आम्ही याहून कमीतही भूल देतो, कारण दुसरा इलाज नसतो. पोटाच्या कातडीसाठी तशी घाई कुणाला आहे? शिरेतून लोहाचं इंजेक्शन घेतलं तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन चांगलं वर येऊ शकतं. अट एकच, वरून ओतताना खालून गळती चालू नको. म्हणजे आधी गाठींचं, रक्तस्रावाचं बघायला हवं.

आणि त्या गाठींसाठी पिशवी काढायलाच हवी का, हे टमी टकच्या चर्चेत ठरू नये. पिशवी काढणं 'बरोबरच उरकून टाकू' या खात्यात बसणारं काम नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्याची चौकशी राज्य सरकारला करावी लागली, ते आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. तुमचं कारण खरं असेल, रक्त जातंय हे दिसतंयच. पण गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल, फक्त गाठ काढणं असे पर्याय तुमच्या गाठींना चालतील का, हे ज्यांना टमी टकमध्ये काही रस नाही अशा स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. काढायचीच ठरली तर आधी गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची आणि गर्भाशयमुखाची तपासणी झालेली हवी. त्यात काही वेगळं निघालं तर सगळी योजना बदलते, आणि ते टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

जोड्यांकडे येते. हर्निया आणि टमी टक ही मला सगळ्यात पटणारी जोडी. टमी टकमध्ये सर्जन त्याच थरात, त्याच जागी पोचलेले असतात, बेंबीभोवतीचं आवरण समोर दिसत असतं, वेळ फार वाढत नाही. फक्त बेंबीचं भान ठेवावं लागतं. टमी टकमध्ये बेंबी भोवतालच्या कातडीपासून सोडवतात, तेव्हा तिला रक्त खालून तिच्या देठातूनच मिळतं. हर्निया दुरुस्त करताना तो देठही चहूबाजूंनी कापला तर बेंबी काळी पडते. जाणकार सर्जन एका बाजूने शिरतात, दुसरी बाजू शाबूत ठेवतात. तुमच्या सर्जनना हे विचारा. प्रश्न आवडला तर ते पाच मिनिटं चित्र काढून समजावतील. चिडले तर तेही एक उत्तरच. आणखी एक विचारा, हा खराच हर्निया आहे की स्नायूंची फट? उठताना पोटाच्या मधोमध उभा फुगवटा येतो ती बहुधा फट असते. तिच्यात आतडं अडकत नाही आणि तिला जाळीची गरज सहसा पडत नाही. बेंबीतली गाठ आत-बाहेर होत असेल तर हर्निया. ती गाठ कधी कडक झाली, आत जाईना, दुखून उलट्या सुरू झाल्या, तर हे सगळं वाचत बसू नका, लगेच इस्पितळ गाठा.

पिशवी आणि टमी टक ही जोडी जगभर करतात, नाशिकमध्येही होते, मीही भूल दिलीय. दुर्बिणीतून किंवा खालच्या वाटेने पिशवी काढली, रक्त फार गेलं नाही, मग स्वच्छ नवे कपडे, नवी हत्यारं घेऊन टमी टक केलं, तर निवडक बायकांमध्ये जमतं. निवडक म्हणजे सडपातळ, रक्त बारा-तेरा, गुठळीचे गुण कमी. त्या यादीत तुम्ही आज बसत नाही. वाईट वाटून घेऊ नका, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं होतं.

पिशवी, जाळी आणि टमी टक या तिघांना मात्र मी ठाम नाही म्हणते. टमी टक आणि हर्निया या स्वच्छ जखमा. पिशवी काढताना योनिमार्ग उघडतो, तिथे जंतू असतातच. कितीही साफ केलं तरी ती जखम त्या वर्गातली नाही. त्याच बैठकीत दुसरीकडे परकी जाळी बसवायची आणि तिच्यावर कातडीचा तो मोठा पडदा पसरायचा? जाळीला जंतू लागले तर ती बरी करायला महिने जातात, कधी काढावी लागते. बेंबीतल्या दोन सेंटिमीटरच्या हर्नियासाठी हा जुगार खेळायचं कारण मला सापडत नाही.

लायपोचं थोडक्यात. कमरेच्या दोन बाजूंना जराशी, टमी टकबरोबर, चालते. भरपूर काढायची म्हटलं की वेगळा विषय. चरबीत आधी लिग्नोकेन (बधिरीचं औषध) मिसळलेलं सलाइन भरतात. ते लिग्नोकेन रक्तात सगळ्यात वरच्या पातळीला पोचायला दहा-बारा तास लागू शकतात, म्हणजे सकाळी ऑपरेशन झालं तर रात्री, जेव्हा मी घरी जेवत असते. त्यात दुखू नये म्हणून मी पोटाच्या भिंतीत दिलेलं बधिरीचं औषधही त्याच हिशेबात धरावं लागतं. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी आपापल्या डोसची बेरीज एका कागदावर केलीय का, हा प्रश्न रुग्ण कधी विचारत नाहीत. विचारला तर मला आनंद होईल.

सिझेरियनबरोबरच टमी टक उरकणं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या शाळेतल्या तरुण सहकारी विचारतील, म्हणून एका ओळीत: नको. बाळंतपणात रक्त आधीच गोठायला उत्सुक असतं, पोट फुगलेलं, किती कातडी जास्त आहे तेच कळत नाही. निदान सहा महिने जाऊ द्यावेत, अंगावरचं दूध सुटू द्यावं.

तर तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. या मे महिन्यात टमी टक विसरले असते. आधी लोह, आधी रक्तस्राव. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, पण ऑपरेशनच्या आधी त्या कधी थांबवायच्या हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यायचं. पिशवी काढायचीच ठरली तर या सुट्टीत तेवढीच, दुर्बिणीने. मग दिवाळीपर्यंत रक्त बारापर्यंत आणायचं, वजन पाच-सहा किलो उतरवता आलं तर उतरवायचं, पायातल्या नसांची सोनोग्राफी करून घ्यायची. त्यानंतर टमी टक आणि बेंबीचा हर्निया एकत्र, कमरेला जुजबी लायपो, साडेतीन-चार तासांत. हिवाळ्यात केलंत तर आणखी एक फायदा: सहा आठवडे घालायचा तो घट्ट पट्टा नाशिकच्या मे महिन्यात घालून बघा, म्हणजे कळेल. तुमच्याकडे बागायती असेल तर छाटणीचे आणि तोडणीचे दिवस टाळा. घरात माणसं नाहीत आणि तुम्ही वाकून चालताय, हे कुणाच्याच सोयीचं नाही. हर्निया मध्येच दुखायला लागला तर हा क्रम बदलावा लागेल, ते सर्जन ठरवतील.

आता रात्रीचं. नाशिकमध्ये माझ्यासारखे बरेच भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाचे नसतात, केस संपली की पुढच्या ठिकाणी जातात. काही सर्जन रविवारी मुंबईहून येतात, संध्याकाळी कसारा घाट उतरून परत जातात. यात गैर काही नाही, पण टमी टकच्या जखमेत रक्त साठायचं असेल तर ते बहुधा पहिल्या चोवीस तासांत साठतं. म्हणून विचारा: रात्री दोन वाजता ड्रेनची (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) बाटली भरली तर ती बघायला जागेवर कोण आहे, पुन्हा ओटी उघडायची तर कोण उघडेल, आयसीयू याच इमारतीत आहे की द्वारका चौक ओलांडून, रक्ताची सोय कुठून? सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीची आहे का, एम.सीएच. किंवा डीएनबी, हेही बिनधास्त विचारा. नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत तपासता येतं. आणि घरी गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे एका पोटरीत दुखणं, एकच पाय सुजणं, अचानक दम लागणं, छातीत टोचणं यातलं काहीही झालं तर 'उद्या ड्रेसिंगला जायचंच आहे' म्हणून थांबू नका. सिन्नर जवळ आहे, पण इतकंही नाही.

विम्याचं एवढंच. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात वगळलेली असते. पिशवी आणि हर्निया बहुतेक पॉलिसींमध्ये ठरावीक प्रतीक्षाकाळानंतर बसतात. एकत्र केलं तर बिलं वेगळी काढून आधीच कंपनीला कळवावं लागतं. 'सगळं हर्नियात दाखवू' असं कुणी सुचवलं तर मान डोलावू नका. दावा नाकारला गेला तर हर्नियाचे पैसेही जातात, आणि तुमच्या कागदावर न झालेलं काहीतरी झालेलं राहतं.

शेवटी एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही. शिक्षिका आहात म्हणून विचारायचं टाळत नाही: मशेरी लावता का? 'तंबाखू, सिगारेट?' असं विचारलं की आपल्याकडच्या बायका 'छे, छे' म्हणतात, आणि पर्समध्ये मशेरीची डबी असते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच. टमी टकमध्ये पोटाच्या कातडीचे मधले आणि खालचे रक्तपुरवठे कापले जातात, उरतात फक्त दोन्ही बाजूंनी येणाऱ्या बारीक नळ्या. त्या भरवशावर बेंबीपासून खालपर्यंत ओढलेली कातडी जगवायची असते. निकोटिन नेमक्या त्याच नळ्या आवळतं, आणि मधोमध, टाक्यांच्या वर, कातडी काळी पडते. (बरगडीखाली पित्ताशयाचा जुना, मोठा व्रण असेल तरी हाच धोका, कारण तिथे त्या नळ्या आधीच कापलेल्या असतात.) आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच मशेरी पूर्ण बंद हवी. मी हे पेशंटला विचारते तेव्हा यजमानांना आणि सासूबाईंना जरा बाहेर बसायला सांगते. तुमच्या भूलतज्ज्ञांनी तसं केलं नाही तर तुम्हीच सांगा, की मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय.